चाळीस वर्षं एकाच खुर्चीत

कल्याण सोडून कर्जतच्या अंगाला लोकल वळली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं लागतात. या पट्ट्यात एखादा जुना डॉक्टर निवृत्त झाला किंवा देवाघरी गेला, की त्याची आठवण काढायची एक ठरलेली रीत आहे. आधी चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध डॉक्टरांचा फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून कापून काढलेला, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर एक अनोळखी हात तसाच राहून गेलेला. भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्या इच्छुक उमेदवारांचे फोटो, डॉक्टरांपेक्षा आकाराने मोठे आणि चेहऱ्याने जास्त दुःखी. मग सभागृहात सभा. पहिला वक्ता स्वतःच्या मूळव्याधीपासून सुरुवात करतो आणि डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आत त्याची वेळ संपते. पुढचे वक्ते चार वाक्यं आलटून पालटून म्हणतात: हाताला गुण होता, पैशाकडे कधी पाहिलं नाही, मध्यरात्री उठून यायचे, देवमाणूस होता. चारही वाक्यं मनापासूनची असतात, डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. पण माणूस बदलून हीच वाक्यं कीर्तनकाराला, शाळामास्तराला, फार काय एखाद्या मनमिळाऊ वायरमनलाही चालतील. माझं म्हणणं असं, की आपण आपल्या लाडक्या डॉक्टरचं कौतुक भलत्याच गोष्टीसाठी करतो. त्याचं खरं कर्तृत्व म्हणजे तो हलला नाही. चाळीस वर्षं तो एकाच खुर्चीत बसला, आणि त्या बसण्यातून त्याला वस्तीची जी माहिती झाली तिनेच त्याचे बरेचसे रोगी बरे केले. ‘डॉक्टरसाहेब बसून राहिले’ हे वाक्य शोकसभेत बरं दिसणार नाही हे मला कबूल आहे. पण खरं आहे ते तेवढंच.

हातगुणाचा हिशेब आधी उरकून टाकू. गल्लीतल्या दवाखान्यात येणारे बहुतेक ताप, सर्दी, जुलाब आपापल्या मुदतीने जाणारे असतात. डॉक्टरने फक्त मध्ये यायचं नसतं. असे ताप ज्याच्याकडे जास्त येतात त्याच्या हाताला जास्त गुण येतो, इतका हा प्रकार सरळ आहे. खरी परीक्षा असते ती या गर्दीतला न उतरणारा ताप ओळखण्याची, आणि तिथे हाताचा काही संबंध नाही, ओळखीचा आहे. जो माणूस पाच वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेला नाही, तो आपणहून येऊन ‘काही नाही हो, छातीत जरा जड वाटतंय, गॅस असेल’ म्हणाला, की जुना डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी कंपाउंडरला रिक्षा बोलवायला सांगतो. उलट जो गृहस्थ दर पंधरवड्याला हार्ट अटॅक घेऊन येतो, त्याला तो बाकावर बसवतो आणि हातात पेपर देतो. अग्रलेख वाचून होईपर्यंत अटॅक ओसरतो. दोघांची तक्रार शब्दाला शब्द एक. नवा डॉक्टर दोघांचाही कार्डिओग्राम काढेल, आणि त्यात त्याची चूक काही नाही, त्याच्यापुढे दोन्ही माणसं कोरी आहेत. जुन्याकडे मात्र एक जादा तपासणी होती, जी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही: हा माणूस एरवी कसा असतो, हे त्याला ठाऊक होतं. गॅस हा आपल्याकडचा सगळ्यांत जीवघेणा रोग आहे, कारण त्या नावाखाली काय काय घरी झोपवून ठेवलेलं असतं ते सकाळीच कळतं.

ही माहिती या तीन गावांत किती कामाची होती ते पाहायचं तर आधी उल्हासनगर घ्यावं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकींमध्ये ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. लष्कर गेलं, पण पत्ते लष्कराचेच राहिले: आधी कॅम्प, एक ते पाच पैकी जो असेल तो, मग सेक्शन, मग बराकीचा नंबर. त्या नंबरच्या बराकीवर आता तीन इमारती, दोन दुकानं आणि एक शिवणकामाचा कारखाना उभा असतो, त्यामुळे पत्ता बरोबर असूनही घर सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं अवघ्या तेरा चौरस किलोमीटरमध्ये राहत होती. तिथे रात्री दीड वाजता ‘पापड सुकत घालतात त्याच्या मागच्या जिन्याने वर’ एवढ्यावर बरोबर दारात उभा राहणारा माणूस एक चोर असू शकतो किंवा व्हिजिटला निघालेला डॉक्टर. पण पत्त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. ज्यांना घर, दुकान, शेती मागे टाकून यावं लागलं, ते आजोबांच्या मधुमेहाचा कागद कुठून आणणार? घराण्यात दमा आहे की नाही, मावशी कशाने गेली, हे सगळं तोंडी आलं, आणि ते पहिल्यांदा लिहून ठेवलं इथल्या दवाखान्यांनी. पुढे मराठी वस्ती वाढली, उत्तरेकडची आली, आणि एकाच पोटदुखीची कथा आजी सिंधीत, सून हिंदीत आणि नातू मराठीत सांगू लागला. डॉक्टरला तिन्ही भाषा कळत, शिवाय दुखणारं पोट तिघांपैकी नक्की कुणाचं हेही कळे. सिंधी डॉक्टर मराठी म्हातारीला ‘आजी, लोणचं खाल्लंत ना?’ म्हणून चोख मराठीत झापणार आणि मराठी डॉक्टर समोरच्या शेटला ‘साईं, आजपासून दाल पकवान बंद’ असा हुकूम सोडणार, यात कुणालाच नवल वाटलं नाही. राष्ट्रीय एकात्मता सरकारी भाषणांत असते तिच्याहून पथ्यपाण्यात जास्त होती.

अंबरनाथला तोच धंदा निराळ्या माहितीवर चाले. ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, पुढे एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. इथल्या जुन्या डॉक्टरचा खोकल्यावरचा पहिला प्रश्न ‘कधीपासून’ हा नसे, ‘कुठल्या खात्यात’ हा असे. उत्तरावर अर्धं निदान व्हायचं. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायनं ओतली गेली आणि शेकडो माणसं खोकत, डोळे चोळत रुग्णालयात पोचली. अशा वेळी यंत्रं नदीतलं रसायन ओळखतात, ते त्यांनीच ओळखावं. पण या रांगेतला कोण कालपर्यंत ठणठणीत होता आणि कुणाचा खोकला वालधुनीच्याही आधीचा आहे, हे सांगायला माणूस लागतो, आणि तो गल्लीत बसलेला असतो. बदलापूरची गोष्ट आणखी वेगळी. २००१ साली लाखाच्या आत असलेलं गाव दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, आणि त्यातला कमावता माणूस रोज ६८ किलोमीटर सीएसएमटीला जाऊन तितकेच परत येणारा. असा माणूस रात्री साडेनऊच्या आत आजारी पडूच शकत नाही, त्याला सवड नसते. म्हणून दवाखान्याच्या पाटीवर ‘सायं. ६ ते ९’ लिहिलेलं असलं, तरी डॉक्टर उठायचे ते लोकल कितीने लेट आहे ते पाहून. कंबरदुखीचा रोगी आला की प्रश्न यायचा, ‘सकाळची कितीची? कुठल्या डब्यात? बसायला कुठे मिळतं?’ ‘ठाण्यानंतर’ म्हटलं की मणका कळला, ‘मिळतच नाही’ म्हटलं की पाय कळले, आणि ‘मी डाउन जाऊन सीट पकडून येतो’ म्हटलं की स्वभाव कळला. एमआरआय यातलं पहिलंच सांगतो.

आता खुद्द दवाखाना बघू. दारावरच्या पाटीला एल.सी.पी.एस., जी.एफ.ए.एम., एल.सी.ई.एच. अशी अक्षरांची आगगाडी असे. ही आगगाडी अॅलोपथीच्या रुळांवरून आली, आयुर्वेदाच्या की होमिओपथीच्या, याची चौकशी रोग्याने कधी केली नाही. आत एक बाक, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर आणि अर्ध्या उंचीचा हिरवा पडदा. पडद्याआड फक्त पोट झाकलं जाई. पोटाबद्दलचं बोलणं बाकावर सगळ्यांना ऐकू येई, आणि मधूनमधून बाकावरून त्याला दुरुस्त्याही सुचवल्या जात. कंपाउंडरच्या खिडकीत काचेची बाटली येई, ती रोग्याने घरून धुऊन आणायची. कंपाउंडर कागदाची लांब पट्टी घेई, तिच्या घड्या घालून कात्रीने कडेचा कोपरा उडवी आणि उलगडली की पट्टीच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा तयार. ती खळीने बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. त्या पट्टीची कुणी एमबीबीएसला परीक्षा घेत नाही, पण लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला दिवसातून तीनदा बरोबर मापाचं औषध तिनेच पाजलं. आणि मग माझ्या मुद्द्यातला सगळ्यांत मोठा पुरावा: केसपेपरांचे गठ्ठे. रुग्णालयात फाईल माणसाची असते, दवाखान्यात गठ्ठा घराचा असायचा. रबरबँड लावलेल्या एका गठ्ठ्यात आजोबा, सून, धाकटं पोर, सगळे पाठीला पाठ लावून. त्यामुळे मुलाचा दमा आणि बापाची विडी एकाच वेळी हातात येत. सुनेची डोकेदुखी सासू गावाहून आल्याच्या तारखेला सुरू होते, हेही दोन कागद शेजारी ठेवले की दिसे, आणि यावर गोळी नाही हे कळण्याइतका डॉक्टर शहाणा असे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घराघरात शिरली तेव्हा तळमजल्यावर ठेवलेल्या कागदांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पण डॉक्टरच्या डोक्यातली प्रत कोरडी होती.

इथे विरोधी पक्षाला बोलू दिलं पाहिजे, कारण त्याची बाजू बरीच भक्कम आहे. तो म्हणेल, हे सगळं आठवणींचं गुलाबी मिक्श्चर आहे. हेच तुमचे डॉक्टर साध्या सर्दीला सुई टोचत. रोगी ‘एक इंजेक्शन द्याच’ म्हणे आणि ते देत. काचेची एकच सिरिंज उकळून दिवसभर चाले. नाव नसलेल्या पुड्यांत काय असे ते एक कंपाउंडर जाणे. अँटिबायोटिक दोन दिवसांचं द्यायचं आणि तिसऱ्या दिवशी रोगी बरा वाटला म्हणून थांबवायचं, या थोर परंपरेचं फळ आज औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या रूपाने आपण भोगतोय. शेवटी २०१४ मध्ये सरकारला शेड्यूल एच-१ लागू करून अशा औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणं सक्तीचं करावं लागलं. शिवाय, स्वातंत्र्याच्या वेळी या देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं आणि आता ते सत्तरीच्या आसपास आहे. ते लशींनी, पाण्याने, अन्नाने आणि मोठ्या रुग्णालयांनी वाढवलं, खुर्चीतल्या काकांनी नाही. यातलं सुईचं, सिरिंजचं आणि पुड्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करतो. डॉक्टर देवमाणूस होता असं एकदा म्हटलं की या चुका बोलायचीही सोय राहत नाही, म्हणून तर ती पदवी मला नको आहे. लशीबद्दल मात्र एक जोड द्यावीशी वाटते. लस सरकारने पाठवली हे खरं, पण टोचल्यावर पोराला ताप भरला आणि शेजारीण ‘पुढच्या वेळी नेऊ नको’ म्हणाली, तेव्हा आईने ऐकलं ते शेजारणीचं नाही. ज्याने तिच्या नवऱ्याचा टायफॉइड काढला होता त्याचं ऐकलं. विश्वास ही वस्तू सरकारी शीतपेटीतून पाठवता येत नाही.

राहिला प्रश्न, एका जागी बसण्याने खरंच माणसं वाचतात का, की ही आपली समजूत. याची मोजदाद इतरांनी केलेली आहे. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१८ साली इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतल्या १८ अभ्यासांत असं आढळलं, की ज्यांना वारंवार तोच डॉक्टर तपासत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला नावानिशी एक डॉक्टर नेमून दिलेला असतो. तिथे सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता त्यांना, एकच वर्ष जुना डॉक्टर असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात भरती व्हायची आणि मरण यायची शक्यता सुमारे पाव हिश्श्याने कमी होती. संशयी वाचक म्हणेल, धडधाकट माणसं डॉक्टर बदलत नाहीत, एवढाच याचा अर्थ असेल. शंका रास्त आहे, आणि अशा अभ्यासांतून कार्यकारण ठामपणे सिद्ध होत नाही. पण त्या नोंदींमध्ये फायदा वर्षागणिक पायरीपायरीने वाढत गेलेला दिसतो. ओळख दोन वर्षांची असेल तर थोडा, दहा वर्षांची असेल तर जास्त. नुसत्या योगायोगाला इतकी शिस्त सहसा नसते. गंमत एवढीच, की नॉर्वेने कायदा करून, नोंदवही ठेवून जे मिळवलं, ते आपल्याकडे कॅम्प चारच्या कोपऱ्यावर कुणी योजना न आखता चाललं होतं, आणि योजना नसल्यामुळे कुणी मोजलंही नाही.

बसून राहणारा डॉक्टर नुसता रोगी सांभाळतो असंही नाही, त्याच्या हातून कधी कधी विज्ञान घडतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचा एक गावडॉक्टर होता. १९२९ साली त्याच्या पाच-सहा हजार वस्तीत काविळीची साथ आली. एक मुलगी सकाळी अंथरुणात पडलेली त्याने पाहिली होती, आणि दुपारी तीच गावच्या जत्रेत हिंडताना दिसली. तिथून पुढे कोण कुणाला भेटलं, कोण कुणाच्या मागच्या दाराने आत गेलं, याची वही ठेवून त्याने लागण झाल्यापासून रोग दिसेपर्यंत किती दिवस जातात ते काढलं, आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्या चाळीत हे ज्ञान गॅलरीत उभ्या असलेल्या काकूंकडे मुबलक असतं. फक्त त्या तारखा लिहीत नाहीत. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांपाशी रात्र रात्र बसून राहिले. कोकणातला लाल विंचू चावल्यावर फुफ्फुसात पाणी कसं भरतं आणि हृदय कसं खचतं हे त्यांनी खाटेशेजारी टिपलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ला कळवलं, पुढे प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण अगदी नगण्य उरलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही पत्ता महाडच होता. विंचू मुंबईत नसतो असं नाही, पण मुंबईत त्याच्याजवळ बसायला वेळ कुणाला आहे?

संगणकवाल्यांचा आक्षेप यापुढचा. ते म्हणतात, आता आभा क्रमांक आलाय, चौदा आकडी; रोग्याची सगळी माहिती त्यात राहील, कुठल्याही शहरात कुठल्याही डॉक्टरला दिसेल, मग डोक्यातल्या वहीचं कौतुक कशाला? क्रमांक चांगलाच आहे, सगळ्यांनी काढावा. पण त्या फाईलमध्ये रोगी जे सांगतो तेच जातं, आणि रोगी हा जगातला सगळ्यांत अविश्वसनीय साक्षीदार आहे. ‘दारू घेता?’ या रकान्यात उत्तर येतं, ‘कधीतरी, लग्नाबिग्नात.’ जुन्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या खालीच बार असतो आणि त्याला माहीत असतं, की या गृहस्थांच्या ओळखीत आठवड्याला चार लग्नं होतात. ‘गोळ्या नियमित घेता?’ ‘हो.’ खालच्या मेडिकलवाल्याने मात्र सांगितलेलं असतं, की महिन्याची पट्टी दोन महिने पुरते. अर्थात हे सगळं ज्ञान पडद्यापलीकडच्या बाकालाही असायचं, आणि खाजगीपणाच्या नावाने तिथे आनंदच होता. लग्न ठरायच्या आधी मुलाकडचे लोक दवाखान्यात ‘सहज’ येऊन बसत, हे संगणकात होऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

फीचं बोलणं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यांनाच अवघड जातं. ‘त्यांनी पैशाकडे कधी पाहिलं नाही’ असं प्रत्येक सभेत सांगतात. पाहणार कसे, कुणी दाखवले तर ना! ‘उद्या देतो’ म्हणून गेलेले किती उद्या त्या खुर्चीसमोरून निघून गेले याची वही त्या डॉक्टरने ठेवली नाही, आणि तेवढी एकच गोष्ट तो नीट ठेवू शकला असता. देवमाणूस म्हणण्यात आपला मोठा फायदा असतो: देवाला दक्षिणा ऐपतीप्रमाणे चालते आणि ऐपत आपणच ठरवतो. १ जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्माच्या आणि मृत्यूच्याही तारखेला, डॉक्टर दिन येतो. त्या दिवशी डॉक्टरच्या मोबाइलवर गुलाबाची इतकी चित्रं येतात, की खऱ्या रोग्याचा फोन लागत नाही. याचा परिणाम डॉक्टरच्या घरातच दिसतो. त्याची मुलं बापाची खुर्ची जवळून पाहतात. तिचं कुशन फाटलेलं आहे, तिच्यावर रविवारीही बसावं लागतं आणि रात्री साडेअकराला जेवताना फोन येतो, हे त्यांना दिसतं. मग एक रेडिओलॉजिस्ट होतो, दुसरी न्यू जर्सीला जाते, आणि दवाखान्याच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान येतं. आपण त्याला ‘काळ बदलला’ म्हणतो. काळाने काही बदललं नाही; चाळीस वर्षं एका जागी बसण्याची किंमत आपण दहा रुपये लावली, आणि त्या भावात दुसरा बसायला तयार झाला नाही.

यावर कुणी म्हणेल, गरिबांच्या वस्तीत फी वाढवून कसं चालेल, ते स्वस्त होते म्हणून तर लोक वाचले. बरोबर. पण दहा रुपये गरिबांसाठी होते. त्याच बाकावर फर्निचर बाजारातला शोरूमवाला, जीन्सचा कारखानदार आणि बोनस मिळालेला कामगारही दहाच रुपये देऊन उठायचा आणि बाहेर पडून पन्नास रुपयांचा फालुदा खायचा, जो त्याला आत्ताच बंद केलेला असायचा. गरिबाला सूट द्यायची आणि ऐपतवाल्याकडून ती वसूल करायची, हा हिशेब डॉक्टरला जमला नाही, आणि आपण त्याला तो जमू दिला नाही.

स्मारकांची तर आपल्याकडे अडचण नाही, अडचण टिकण्याची आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे साडेनऊशे वर्षांहून जुना; शिलाहारांनी दगड वापरला. आपण फ्लेक्स वापरतो, तो पहिल्या वळवाच्या पावसात निम्मा फाटतो आणि उरलेला कुणाच्या तरी टपरीवर छप्पर होतो, जो त्याचा त्यातल्या त्यात बरा उपयोग आहे. अंबरनाथच्या रुग्णालयाला डॉ. बी. जी. छाया यांचं नाव आहे, पण गावात ‘छायात नेलं’, ‘छायात दाखवलं’ एवढंच बोलतात. माणूस इमारतीत विरघळून गेला. आणि पलीकडच्या स्टेशनावर, कल्याणला, ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं न होता, पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक वाट पाहत राहिली. खुर्चीत बसायला त्यांना मिळालंच नाही. त्यांचं स्मरण योग्यच आहे आणि ते व्हायलाच हवं. पण शाळेच्या पुस्तकाला पदवी आणि प्रवास सांगता येतो, रोजचं येऊन बसणं सांगता येत नाही. जो डॉक्टर चाळीस वर्षं संध्याकाळी सहाला शटर वर करतो, त्याच्या चरित्रात लिहिण्यासारखी एकही घटना नसते, आणि तेच त्याचं चरित्र असतं.

खाजगी डॉक्टरला निवृत्तीचं वय नसतं, हे खरं. कायदा त्याला घरी बसवत नाही, गुडघे बसवतात. किंवा मुलीकडून तिकीट येतं. किंवा ज्या इमारतीत दवाखाना आहे तिचं नाव धोकादायक इमारतींच्या यादीत लागतं आणि चाळीस वर्षं न हललेला माणूस एका नोटिशीने हलतो. त्यानंतरही लोक त्याला सोडत नाहीत. तो भाजी घ्यायला थांबला की समोरचा मेथीची जुडी बाजूला ठेवून जीभ बाहेर काढतो. स्पेशालिस्टची फाईल घेऊन लोक त्याच्या घरी येतात आणि ‘या गोळ्या घेऊ ना, डॉक्टरसाहेब?’ असं विचारतात; म्हणजे दोन हजार रुपये मोजून घेतलेला सल्ला बरोबर आहे की नाही ते फुकटच्या सल्ल्याने ताडून पाहायचं. हसण्यासारखं आहे, पण मूर्खपणाचं नाही. स्पेशालिस्टला हृदय माहीत आहे; हे हृदय कुणाचं आहे ते यांना माहीत आहे. रोगी दोन्ही मतं घेतो, हा त्याचा व्यवहार अगदी पक्का आहे. फक्त दुसऱ्या मताचे पैसे द्यायचे राहतात.

तेव्हा ज्यांचे डॉक्टर अजून बसतात, किंवा नुकते उठले आहेत, त्यांना माझं एक सांगणं आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र यांतलं काही नेऊ नका. शाली त्यांच्याकडे कपाटभर आहेत आणि नारळ ते रोग्यांनाच देऊन टाकतात. एक कोरी वही न्या. तिच्यात तुमच्या घराबद्दल त्यांना जे जे माहीत आहे ते लिहून घ्या: कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाच्या वडिलांना काय होतं, कुणाचा ‘गॅस’ मनावर घ्यायचा आणि कुणाचा नाही. ती वही पुढच्या डॉक्टरला द्या, आणि तो डॉक्टर दर सहा महिन्यांनी बदलू नका. आणि जाताना मागची बाकी देऊन या. ते ‘राहू द्या’ म्हणतील. तसे ते चाळीस वर्षं म्हणतच आलेत, या वेळी त्यांचं ऐकू नका.